परित्यक्त खाणींचे समन्वेषण

खनिजांचे उत्पादन बंद पडल्यावर सोडून दिलेल्या भूमिगत खाणींत इतिहासाची आवड, छायाचित्रण, खनिजनमुन्यांचा संग्रह, कुतूहल अथवा निव्वळ साहस या हेतूंनी प्रवेश करून त्यांची पाहणी करणे, यास परित्यक्त खाणींचे समन्वेषण म्हणता येईल. अशा खाणी जगाच्या बहुतेक भागांत असल्या, तरी हा छंद मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिमेकडील नेव्हाडा, कॅलिफोर्निया, ॲरिझोना व यूटा या राज्यांच्या वाळवंटी प्रदेशांत वाढला आहे. तेथील बहुसंख्य खाणी वस्तीपासून दूर, कच्च्या वाटांच्या शेवटी आहेत. त्यामुळे खाणीतील धोके व निर्जन वाळवंटातील धोके यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

चालू खाण हे वायुवीजन, पाण्याचा उपसा, छताला दिलेले आधार आणि नित्याची तपासणी यांच्या बळावर मानवाला वावरण्याजोगे ठेवलेले कृत्रिम स्थळ असते. काम थांबताच या चारही व्यवस्था थांबतात. खाणीचे बाह्य रूप मात्र कोरड्या हवेमुळे दीर्घकाळ टिकते. लाकडी खांब, शिड्या, रूळ, ढकलगाड्या, एवढेच नव्हे तर कामगारांनी मागे ठेवलेले डबे व बाटल्याही शंभर वर्षांनंतर जागच्या जागी दिसतात. वस्तू शाबूत दिसल्यामुळे रचनाही शाबूत असावी असा समज होतो. बहुतेक अपघातांच्या मुळाशी हाच समज असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने व नेव्हाडात १८५९ मध्ये कॉमस्टॉक येथे चांदीचा विपुल साठा सापडल्यावर पश्चिमेकडे खाणकामाची लाट आली. १८७२ च्या खाण कायद्याने संघीय शासनाच्या जमिनीवर खनिजांचा शोध घेण्याची व आढळलेल्या साठ्यावर हक्क सांगण्याची मुभा नागरिकांना दिली. काम संपल्यावर खड्डे बुजविण्याचे बंधन मात्र त्या कायद्यात नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी टोनोपा, गोल्डफील्ड व ऱ्हायोलाइट ही नगरे नेव्हाडाच्या वाळवंटात उभी राहिली. ऱ्हायोलाइटजवळ १९०४ मध्ये सोने सापडले. अल्पावधीतच तेथे बँका, शाळा, रेल्वेस्थानक व वीज आली. १९११ मध्ये तेथील प्रमुख खाण बंद पडली, १९१६ मध्ये वीजपुरवठा तोडण्यात आला आणि नगर ओसाड झाले. धातुकाचा साठा संपणे, भाव कोसळणे, भांडवल आटणे किंवा पाणी लागणे यांपैकी कोणत्याही कारणाने खाण सोडली जाई. जाताना मौल्यवान यंत्रे तेवढी नेली जात. मुखे उघडीच राहत. यांखेरीज, काहीही न सापडलेले हजारो चाचणी-खड्डेही डोंगरउतारांवर तसेच राहिले. खडकांतील धातुकांच्या परित्यक्त खाणींशी संबंधित बोगदे, कूपक, खड्डे इ. किमान १,४०,००० रचनांची नोंद संघीय जमिनींवर झाली असल्याचे तेथील शासकीय लेखापरीक्षण संस्थेने २०२० मध्ये नमूद केले. नोंद न झालेल्या रचनांची संख्या याहून बरीच मोठी असण्याचा संभव आहे.

खाणीची अंतर्रचना : डोंगराच्या कुशीतून आत जाणारा बोगदा साधारणपणे आडवा असतो व त्यात चालत जाता येते. जमिनीवरून सरळ खाली खणलेल्या विहिरीसारख्या मार्गास कूपक म्हणतात. आडव्या बोगद्याच्या तळातूनही खालच्या पातळीकडे जाणारे अंतर्गत कूपक काढलेले असतात. धातुकाच्या शिरेचा माग घेत दगड फोडल्याने दोन पातळ्यांच्या मध्ये उंच, अरुंद व तिरपी दालने निर्माण होतात. अशा दालनांवर पूर्वी फळ्या टाकून त्यांवर दगडमातीचा भराव घालीत व त्यावरून ये-जा करीत. कालांतराने हा भराव नैसर्गिक जमिनीसारखाच दिसू लागतो. त्याखालील फळी कुजली आहे की नाही, हे वरून समजण्याचा मार्ग नाही. दिव्याच्या मर्यादित प्रकाशात अंतर्गत कूपकाचे तोंड ही काळी सावली वाटते. पाण्याने काठोकाठ भरलेला कूपक तर उथळ डबक्यासारखा भासतो.

खाणीतील धोके : (१) कोसळणे व पडणे : कूपकाच्या मुखाभोवतीची जमीन नरसाळ्याप्रमाणे आत ढासळत असते, त्यामुळे काठावरून डोकावणाऱ्याच्या पायाखालील भाग त्याच्यासह खाली जाऊ शकतो. छताचे खडक स्फोटांमुळे आधीच तडकलेले असतात आणि ते निसटण्यास पावलांचा कंप किंवा खांबाला लागलेला धक्काही पुरेसा होतो. कोरड्या हवेतील लाकूड बाहेरून टणक दिसले, तरी बुरशी व वाळवी यांमुळे ते आतून पोकळ झालेले असू शकते. शिड्यांचे खिळे गंजलेले असतात.

(२) दूषित हवा : हा धोका इंद्रियांना जाणवत नाही, म्हणून सर्वांत घातक होय. शुद्ध हवेत ऑक्सिजनाचे प्रमाण सु. २१ टक्के असते. बंद खाणीत कुजणारे लाकूड व गंधकयुक्त खनिजांचे ऑक्सिडीकरण यांमुळे तो सतत खर्ची पडतो. मागे नायट्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्राबल्य असलेली हवा उरते. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा सु. दीडपट जड असल्याने कूपकाच्या तळाशी व सखल कोपऱ्यांत साचतो. श्वास कोंडल्याची भावना प्रामुख्याने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने होते, केवळ ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे. त्यामुळे नायट्रोजनाने भरलेल्या हवेत शिरलेल्या माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. विचार मंदावतो, हातपाय जड होतात व थोड्याच वेळात शुद्ध हरपते. काही खाणींत हायड्रोजन सल्फाइड आढळतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढताच घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास नाहीसा झाल्याने वायूही गेला असे वाटते. बाहेरील वायुदाब बदलला की खाण जणू श्वासोच्छ्‌वास करते : दाब वाढल्यास बाहेरील हवा आत शिरते, घटल्यास आतील वायू मुखाकडे सरकतात. एखाद्या दिवशी निर्धोक ठरलेला बोगदा दुसऱ्या दिवशी प्राणघातक ठरण्याचे हे एक कारण होय. मेणबत्तीची ज्योत ही जुनी कसोटी अपुरी आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडासारख्या विषारी वायूची सूचना ती देत नाही.

(३) स्फोटके : डायनामाइटच्या कांड्या, स्फोट घडविणाऱ्या लहान टोप्या व वाती अनेक खाणींत तशाच टाकलेल्या आढळतात. जुन्या कांडीतून नायट्रोग्लिसरीन पाझरून पृष्ठभागावर थेंबांच्या वा स्फटिकांच्या रूपाने साचते. अशी कांडी किरकोळ हालचालीनेही फुटू शकते. ती आढळल्यास स्पर्श न करता आल्या वाटेने परतावे व अधिकाऱ्यांस कळवावे, असा नियम आहे.

(४) रासायनिक व जैविक धोके : सोने व चांदी वेगळी करण्यासाठी पारा आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सायनाइड वापरण्यात येई. धातुक दळून उरलेल्या बारीक चुऱ्याच्या ढिगांत पारा, आर्सेनिक व शिसे राहते; वाऱ्याने उडालेली ही धूळ श्वासावाटे शरीरात जाते. उंदरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या व मूत्राच्या धुळीतून हांटा विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. या विषाणूमुळे होणारा फुप्फुसाचा तीव्र विकार १९९३ मध्ये नैर्ऋत्य अमेरिकेतील साथीच्या वेळी प्रथम ओळखण्यात आला. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी खुळखुळ्या साप बोगद्यांच्या मुखाशी आसरा घेतात.

(५) काळोख : मुखापासून दोन-तीन वळणे गेल्यावर पूर्ण अंधार असतो. सारखे दिसणारे फाटे, वेगवेगळ्या पातळ्या व दिव्याची संपत आलेली बॅटरी यांमुळे दिशाभूल होते. यूटा राज्यातील एका जुन्या खाणीत सप्टेंबर १९८९ मध्ये १० वर्षांचा एक मुलगा गटापासून वेगळा पडला. शोधपथके खाणीत फिरत असूनही तो पाच दिवसांनी, त्या खाणीची माहिती असलेल्या व्यक्तींच्या साहाय्याने, जिवंत सापडला.

वाळवंटातील धोके : खाणीपर्यंतचा व तेथून परतीचा प्रवास हाही समन्वेषणाचाच भाग असतो. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदविलेले ५६.७° से. तापमान हे जागतिक उच्चांक म्हणून मान्य आहे, तथापि काही हवामानशास्त्रज्ञांनी त्याविषयी शंका घेतली आहे. तेथेच १५ जुलै १९७२ रोजी जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान ९३.९° से. भरले. जुलै २०२४ मध्ये संपूर्ण महिन्याचे सरासरी तापमान सु. ४२.५° से. होते. अशा हवेत चालणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटर किंवा अधिक घाम जाऊ शकतो. परंतु कोरड्या हवेत तो तत्काळ वाळत असल्याने अंग ओले होत नाही व पाण्याची तूट ध्यानात येत नाही. तहानेची जाणीवही मागे पडते. शरीराचे आंतरिक तापमान ४०° से.च्या वर गेल्यास उष्माघात होतो. भ्रम व असंबद्ध वर्तन ही त्याची लक्षणे असल्यामुळे सर्वांत जास्त विवेकाची गरज असते तेव्हाच तो नाहीसा होतो. [⟶ उष्माघात].

वाळवंटात पूर येत नाही ही समजूतही चुकीची आहे. उघड्या खडकांवर व टणक जमिनीवर पडलेले पाणी मुरत नाही. दूरच्या डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी निरभ्र आकाशाखालील कोरड्या ओढ्यातून अचानक लोंढ्याने येते. पुष्कळ खाणवाटा नेमक्या याच ओढ्यांच्या पात्रातून जातात. डेथ व्हॅलीत ५ ऑगस्ट २०२२ रोजी सु. ३७ मिमी. व २० ऑगस्ट २०२३ रोजी सु. ५६ मिमी. पाऊस झाला. हा दुसरा आकडा तेथील सर्वसाधारण वर्षभराच्या पावसाइतका आहे. दोन्ही प्रसंगी रस्ते वाहून जाऊन वाहतूक बंद पडली.

नकाशांवरील वाटा हाही एक सापळा ठरतो. जुन्या नकाशांवरील व त्यांवरून तयार केलेल्या उपग्रह-मार्गदर्शक साधनांवरील अनेक रस्ते दशकांपूर्वीच नष्ट झाले आहेत. जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेले चार पर्यटक, दोन प्रौढ व दोन मुले, डेथ व्हॅलीत बेपत्ता झाले. त्यांची भाड्याची गाडी ऑक्टोबरमध्ये एका दुर्गम दरीत टायर निकामी झालेल्या स्थितीत सापडली. ती गाडी अशा खडतर वाटेसाठी बनविलेली नव्हती. मोठा शोध होऊनही प्रवाशांचा माग लागला नाही. प्रौढांचे म्हणून मानले गेलेले अवशेष थेट २००९ मध्ये, गाडीपासून काही किलोमीटर दक्षिणेस मिळाले. गाडी सोडून पायी निघणे हे अशा प्रसंगांतील नेहमीचे व बहुधा शेवटचे पाऊल ठरते. गाडी आकाशातून दिसते, सावली देते आणि शोध घेणाऱ्यांना प्रथम तीच आढळते. पायी जाणारा माणूस विस्तीर्ण प्रदेशात दिसेनासा होतो.

बचावकार्याच्या मर्यादा : शहरात पाय मोडणे ही एक इजा असते, निर्जन वाळवंटात तीच प्राणघातक ठरते. भ्रमणध्वनीचे क्षेत्र बहुधा नसते. बचावपथक पोहोचण्यास कित्येक तास लागतात आणि खाणीत उतरू शकणारी प्रशिक्षित पथके थोडीच आहेत. उष्ण हवा विरळ असल्याने हेलिकॉप्टरला पुरेसे उत्थापन मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये डेथ व्हॅलीत मोटारसायकलस्वारांचा एक गट उष्म्याने आजारी पडला व त्यांतील एक जण मरण पावला. त्या वेळी तापमान ४९° से.हून अधिक असल्याने वैद्यकीय हेलिकॉप्टर तेथे जाऊ शकले नाही.

खाणीत तर बचाव करणाराच दुसरा बळी ठरण्याचा धोका असतो. बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण इतरांना वाचविण्यासाठी आत गेलेले असतात, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये म्हटले होते. कोसळलेला सहकारी दिसताच धावत जाणे स्वाभाविक असते. परंतु ज्या हवेने तो पडला, तीच हवा मदत करणाऱ्याच्या वाट्याला येते. मार्च २०११ मध्ये नेव्हाडात एक तरुण सोबत्यांसह फिरत असता सु. ५८ मी. खोल कूपकात पडला. खाली सोडलेल्या कॅमेऱ्यातून तो श्वास घेत असल्याचे दिसत होते. तथापि कूपकाच्या भिंती सुटत होत्या व उतरणाऱ्या एका बचावकर्मीच्या शिरस्त्राणावर दगड पडून ते फुटले. आणखी जीव जातील हे ओळखून कार्य थांबविण्यात आले आणि त्या तरुणाचा तेथेच अंत झाला. अशा निर्णयाची पाळी बचावपथकावर येऊ नये, यासाठीच प्रवेशबंदीचे नियम असतात. याच्या उलट, ॲरिझोनात ऑक्टोबर २०१८ मध्ये सु. ३० मी. खोल कूपकात पडून पाय मोडलेला एक गृहस्थ दोन दिवसांनी वाचविला गेला. आपण खाणीत जात असल्याचे त्याने मित्राला आधी सांगितले होते व तो न परतल्याने मित्र शोधास गेला.

इतर देशांतील स्थिती : दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी परिसरात ओपल या रत्नासाठी खणलेले असंख्य कूपक उघडे आहेत, चित्र टिपताना मागे पाऊल टाकू नये, अशा सूचनांचे फलक तेथे लावलेले असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूम येथील निळ्या ॲस्बेस्टसची खाण १९६६ मध्ये बंद झाली. तेथील तंतू श्वासावाटे गेल्यास कर्करोग अनेक दशकांनंतर प्रकट होतो. म्हणून २००७ मध्ये गावाचा अधिकृत दर्जाच काढून घेण्यात आला. तरीही कुतूहलाने तेथे जाणारे पर्यटक थांबले नाहीत.

भारतात असा छंद रुजलेला नाही. सोडलेल्या खाणींचे धोके मात्र आहेत. कर्नाटकातील कोलार येथील ३,००० मी.हून अधिक खोल गेलेली सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली व उपसा थांबल्यावर पाण्याने भरली. गोव्यात २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबले, तेव्हा खोल उघडे खड्डे पावसाच्या पाण्याने भरले. पावसाळी प्रदेशात लाकूड व शिड्या लवकर कुजून खाणीचे रूपच बदलते. तेथे मुख्य भय बुडण्याचे व कडा खचण्याचे असते. वाळवंटातील खाण मात्र आपले जुने रूप टिकवून प्रवेश करणाऱ्यास फसविते.

प्रतिबंधक उपाय : नेव्हाडा राज्याने १९८७ पासून परित्यक्त खाणींचे सर्वेक्षण करून त्यांना कुंपण घालण्याचा कार्यक्रम चालविला आहे. कूपक भराव घालून बुजविणे, त्यात फुगणाऱ्या पॉलियुरेथेन फेसाची गुडदी बसविणे, काँक्रीटचे झाकण टाकणे व मुखावर पोलादी जाळी लावणे या पद्धती प्रचलित आहेत. टाउनसेंड लांबकानी वटवाघळासारख्या जातींनी जुन्या खाणींत वसाहती केल्या असल्याने त्यांना ये-जा करता येईल अशा आडव्या गजांची दारे बसवितात. बुजविण्यापूर्वी आत प्राणी नसल्याची खात्री केली जाते. संघीय खाण सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने १९९९ मध्ये ‘बाहेर राहा, जिवंत राहा’ अशा आशयाची लोकशिक्षण मोहीम सुरू केली. अनेक खाणींवर अद्याप खाजगी हक्क असल्याने त्यांत शिरणे हे अतिक्रमणही ठरते. १९७९ च्या पुरातत्त्वीय संपत्ती संरक्षण कायद्यानुसार संघीय जमिनीवरील १०० वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष विनापरवाना नेणे गुन्हा आहे.

वाळवंटात जाणाऱ्यांसाठीचे नियम साधे आहेत. प्रत्येक व्यक्तीमागे दररोज किमान चार लिटर पाणी, त्याखेरीज गाडीत राखीव साठा, क्षारयुक्त खाद्य, जादा टायर व कागदी नकाशा सोबत असावा. जाण्याचा मार्ग व परतण्याची वेळ घरच्या किंवा विश्वासाच्या व्यक्तीस लेखी कळवावी. उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे साधन उपयुक्त असते. मात्र ते खडकाखाली चालत नाही आणि मदत लवकर पोहोचेल याची हमीही देत नाही. उन्हाळ्यात हा प्रदेश टाळणे हाच उत्तम उपाय होय.

जुन्या खाणी पाहण्याची इच्छा अनाठायी नाही. त्या काळचे तंत्रज्ञान व कामगारांचे जीवन यांचा तो मोलाचा पुरावा आहे. डेथ व्हॅलीतील कीन वंडर ही सोन्याची खाण व तिचा परिसर २००८ मध्ये धोक्यामुळे बंद करण्यात आला. मुखे बंदिस्त करून व जुने आधार दुरुस्त करून तो परिसर २०१७ मध्ये पुन्हा खुला झाला. ॲरिझोनातील बिस्बी येथील क्वीन या तांब्याच्या खाणीतील काम १९७५ मध्ये थांबले आणि १९७६ पासून ती वाटाड्यांसह पाहता येऊ लागली. या कामी निवृत्त खाणकामगारांनी मोठा वाटा उचलला. तेथेही काळोख, अरुंद वाटा व डोक्यावरील खडक तेच आहेत. फरक इतकाच, की तेथे हवा खेळती ठेवली जाते, आधार तपासले जातात, आत किती माणसे गेली याची मोजदाद असते व बाहेरची वाट ठाऊक असलेला माणूस सोबत असतो. खाण सोडली जाते तेव्हा नेमक्या याच गोष्टी तिच्यातून निघून गेलेल्या असतात.